सहाव्या रात्रीची जाग

बडोदे असो, इंदूर असो की बेळगाव, बाळाच्या पाचवी-सहावीला पाट्यावर सटवाई पुजल्याचे आपल्या आजी-पणजींच्या आठवणीत असतेच. कोरा कागद, लेखणी, बाळाच्या उशाशी विळा. त्या रात्री दिवा मालवायचा नाही, बाळाला एकटे ठेवायचे नाही. वाचकहो, ही जाग नेमकी याच रात्री का? मला तिच्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा एक कटू अनुभव दिसतो.

धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. मळक्या विळ्याने नाळ कापली, वर राख किंवा शेण लावले, की ते शरीरात शिरतात. पहिले दोन दिवस बाळ नीट अंगावर पिते. मग, बहुधा पहिल्या आठवड्यातच, त्याला दूध ओढता येईनासे होते, जबडा आवळतो, अंग धनुष्यासारखे ताठते. अशी बाळे क्वचितच वाचत.

उपाय साधा होता: उकळलेले पाते, उकळलेला दोरा, धुतलेले हात, स्वच्छ अंथरूण, आणि नाळेला काहीही न लावणे. अडचण ज्ञानाची होती, तशीच विटाळाची. बाळंतीण दहा दिवस अस्पर्श. म्हणून तिला अंधारी खोली आणि पुढे टाकूनच द्यायची जुनेरी. नाळ कापायला सुईण, तीही बहुधा खालच्या मानलेल्या जातीची. तिला शिवल्यावर आंघोळ करणारी आपली घरे, बाळाला शिवण्याआधी हात धुवायला तिला गरम पाणी देत नसत. सोवळे कडक होते, पण सोवळे म्हणजे स्वच्छता नव्हे.

१९०३ साली लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने सुईणींना शिकवण्यासाठी व्हिक्टोरिया मेमोरियल स्कॉलरशिप फंड निघाला. त्या काळी सारा दोष सुईणीच्या माथी मारण्याची रीत होती. चिंध्या तिला घरानेच दिलेल्या असत, हे कोण बोलणार?

१९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सेवासदन उभे राहिले. तेथून बायका ससून रुग्णालयात परिचर्या शिकायला जाऊ लागल्या. त्यांत विधवाही होत्या. परक्याचे मलमूत्र काढायचे, रात्रपाळी करायची, कोणत्याही जातीच्या रोग्याला हात लावायचा, हे सारे पांढरपेशा घरांना कमीपणाचे वाटे. ज्यांना मंगलकार्यात पुढे येऊ देत नसत, त्यांच्याच हातात आता बाळंतपणाची जबाबदारी येत होती. मला हा बदल कोणत्याही ठरावापेक्षा मोठा वाटतो.

पुढे गरोदर स्त्रियांना धनुर्वाताची लस मिळू लागली, रुग्णालयातील बाळंतपणे वाढली. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे मान्य केले. म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण.

डॉक्टर आनंदीबाई जोशी आपल्याला ठाऊक आहेत. अमेरिकेला जाण्यापूर्वी झालेले त्यांचे बाळ अवघे दहा दिवस जगले होते. नाळ बांधणाऱ्या परिचारिकांची नावे मात्र घरोघरी विस्मृतीत गेली. आपल्या घरच्या जुन्या हिशेबवहीत ‘नर्सबाईंस’ म्हणून काही रुपये मांडलेले आढळले, तर ते पान रद्दीत घालू नका.