124 तास : कोलकाता ते दोहा

भारतीय फुटबॉल संघाचा मुख्य प्रशिक्षक कसा बदलला गेला, याचा घटनाक्रम

6 जून 2024 च्या संध्याकाळी भारतीय संघ कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर उतरला, तेव्हा विश्वचषक पात्रतेची तिसरी फेरी जवळपास एका विजयाच्या अंतरावर आली होती. त्या फेरीत भारत याआधी कधीच पोहोचला नव्हता. 11 जूनच्या रात्री दोह्यात ती संधी हातातून गेली. 17 जूनला मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमॅच यांना काढून टाकण्यात आलं, आणि त्यांच्या जागी येणारा माणूस त्या दिवशी कुणाच्याही नजरेसमोर नव्हता. कोलकात्यातला प्रारंभ ते दोह्यातली अखेर, हे अंतर 124 तासांचं. पण घड्याळाची किल्ली आधीच फिरवली गेली होती.

26 मार्च, गुवाहाटी, रात्रीचे नऊ

समोर अफगाणिस्तान. त्यांच्या अनेक प्रमुख खेळाडूंनी स्वतःच्या महासंघाशी झालेल्या वादातून संघावर बहिष्कार टाकलेला. भारताचा कर्णधार सुनील छेत्रीचा हा 150 वा आंतरराष्ट्रीय सामना. 38 व्या मिनिटाला त्याच्या पेनल्टीनं भारत पुढे गेला. 70 व्या मिनिटाला बरोबरी झाली आणि 88 व्या मिनिटाच्या पेनल्टीवर अफगाणिस्तान 2-1 असा जिंकला. त्याआधी जानेवारीत आशियाई चषकात भारत ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया या तिघांकडूनही हरला होता, तोही एकसुद्धा गोल न करता.

प्रशिक्षक बदलायचा असेल तर वेळ हीच होती. पुढचा सामना दहा आठवडे लांब होता. बदलायचा नसेल तर तसं ठामपणे जाहीर करून संघाच्या डोक्यावरची टांगती तलवार काढायची हीच वेळ होती. भारतीय फुटबॉल महासंघानं यातलं काहीच केलं नाही. स्टिमॅच पदावर राहिले. तिसरी फेरी गाठली नाही तर आपण जाऊ, असं ते स्वतःच सांगून बसले होते. करार मात्र 2026 पर्यंतचा होता. म्हणजे प्रशिक्षकाचं भवितव्य एका निकालाला बांधलं गेलं, आणि तो निकाल उलटा लागला तर पुढे काय, याचा कागद कुणीच तयार केला नाही.

16 मे, सकाळ

छेत्रीनं चित्रफितीतून निवृत्ती जाहीर केली. कुवेतविरुद्धचा सामना शेवटचा, ठिकाण कोलकाता. 2002 मध्ये याच शहरात, मोहन बागानकडून त्याची व्यावसायिक कारकीर्द सुरू झाली होती. निरोपाला याहून योग्य शहर नव्हतं. 1911 मध्ये अनवाणी पायांनी इंग्रजांच्या पलटणीला हरवून आयएफए शील्ड जिंकणाऱ्या मोहन बागानचं हे गाव.

पण संघाच्या दृष्टीनं पाहा. 19 वर्षं गोलांचा भार वाहणारा कर्णधार पात्रता फेरीच्या मधोमध जाणार, शेवटचा निर्णायक सामना त्याच्याविना होणार आणि प्रशिक्षकाची खुर्चीही डळमळीत. दोन सत्तांतरं एकाच महिन्यात येऊन आदळणार होती.

6 जून, कोलकाता, सायंकाळी 7 : 124 तास बाकी

सुमारे 59 हजार प्रेक्षक. आधीच्या दिवसांत क्रोएशियाच्या लुका मॉड्रिचचा छेत्रीसाठी शुभेच्छासंदेश आला होता. स्टिमॅचही क्रोएशियाचेच, 1998 च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या संघातले बचावपटू. गटात भारताचे 4 गुण, कुवेतचे 3. नोव्हेंबरमध्ये कुवेतला त्यांच्याच घरी 1-0 नं हरवलं होतं. आज जिंकलं तर 7 गुण होणार आणि कुवेतचा रस्ता बंद होणार.

रात्री 8 : 123 तास बाकी

मध्यंतराला गोलफलक कोराच. उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच बदली खेळाडू रहीम अलीला गोलरक्षकासमोर मोकळी संधी मिळाली. फटका अडवला गेला. भारतीय फुटबॉलचं जुनं दुखणं त्या क्षणी उघडं पडलं : आपल्या लीगमधले बहुतेक क्लब मुख्य आघाडीपटू म्हणून परदेशी खेळाडू उभा करतात. भारतीय आघाडीपटूला ती जागा वर्षभर मिळत नाही आणि राष्ट्रीय सामन्यात एकदम मागितली जाते. छेत्रीची जागा घेणारा तयार नव्हता, कारण तो तयार व्हावा अशी व्यवस्थाच नव्हती.

रात्री 8.55 च्या सुमारास : 122 तास बाकी

0-0. छेत्रीनं हात जोडले, मैदानाला फेरी मारली, डोळे पुसले. सहकाऱ्यांनी दुतर्फा उभं राहून त्याला मानवंदना दिली. 151 सामने, 94 गोल. त्या रात्रीचं सगळं लक्ष निरोपाकडे होतं आणि ते स्वाभाविकच होतं. पण गुणतक्ता निराळं सांगत होता. दोन गुण निसटले होते आणि आता पुढचा सामना आशियाच्या विजेत्या कतारशी, त्यांच्या घरी होता.

मध्यरात्र : 119 तास बाकी

अफगाणिस्ताननं कतारला 0-0 असं रोखलं. भारत 5, अफगाणिस्तान 5, कुवेत 4. कतार आधीच पुढे गेलेला. उरलेल्या एका जागेसाठी तीन संघ. भारतानं दोह्यात जिंकलं तर कुणाकडे पाहायची फारशी गरज नव्हती. बरोबरी झाली, तर तिकडे कुवेत आणि अफगाणिस्तान यांचीही बरोबरी होणं आवश्यक होतं.

11 जून, दोहा, रात्री 9.15 (भारतीय वेळ) : दोन तास बाकी

भारताच्या फुटबॉलमध्ये 11 जून ही तारीख आधीच जड आहे. 1963 मध्ये याच दिवशी प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम गेले. 1951 आणि 1962 ची आशियाई सुवर्णपदकं, 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमधलं चौथं स्थान, हे सारं त्यांच्या हाताखाली घडलं. 1962 मध्ये जकार्तात दक्षिण कोरियाला 2-1 नं हरवून सुवर्ण घेतलं, त्यानंतर वर्षही न उलटता कर्करोगानं त्यांना नेलं. त्यांच्यानंतर कोण, याचं उत्तर तेव्हाही तयार नव्हतं. आशियाई स्पर्धांचं सुवर्ण त्यानंतर भारताकडे आलेलं नाही.

जासिम बिन हमाद मैदानावर गुरप्रीतसिंग संधू कर्णधार म्हणून उतरला. संघात मुंबईचा राहुल भेके होता, पुण्याचा जय गुप्ता होता, मडगावचा ब्रँडन फर्नांडिस होता. कतारनं बहुतेक तरुण, नवखे खेळाडू उतरवले होते.

त्यांच्या प्रशिक्षकाची गोष्ट इथे सांगायलाच हवी. डिसेंबर 2023 मध्ये, आशियाई चषक पाच आठवड्यांवर आलेला असताना, कतारनं कार्लोस केरोश यांना बाजूला करून टिनटिन मार्केझ यांना नेमलं. वरवर पाहता आपल्यापेक्षाही घाईचा बदल. पण मार्केझ 2018 पासून कतारच्याच लीगमध्ये अल-वक्राचे प्रशिक्षक होते. खेळाडू त्यांच्या ओळखीचे, हवामान ओळखीचं, आणि काम एकच, पूर्णवेळ. फेब्रुवारीत कतारनं चषक जिंकला. बदल उशिरा झाला तरी चालतो. ज्याच्या हाती संघ द्यायचा तो माणूस आधीपासून तयार असावा लागतो.

रात्री 9.52 च्या सुमारास : सव्वा तास बाकी

37 वे मिनिट. ब्रँडनच्या पासवर लालियानझुआला छांगटेचा गोल. भारत 1, कतार 0. मध्यंतरापर्यंत हीच स्थिती. या 45 मिनिटांत भारत तिसऱ्या फेरीत होता.

रात्री 10.45 च्या सुमारास : 25 मिनिटं बाकी

73 वे मिनिट. कतारची फ्री किक, युसूफ आयमेनचं हेडर, गुरप्रीतनं ते अडवलं. चेंडू गोलखांबाच्या बाजूनं रेषेबाहेर गेला. अल-हाश्मी अल-हुसेननं तो बाहेरून आत ओढला आणि आयमेननं जाळ्यात ढकलला. भारतीय खेळाडू जागीच थांबले. त्यांच्या मते खेळ थांबलेला होता. दक्षिण कोरियाचे पंच किम वू-सुंग यांनी गोल दिला. या फेरीत व्हिडिओ पंच नव्हते. 1-1.

हा अन्याय होता, यात शंका नाही. पण अजून सतरा मिनिटं आणि भरपाईचा वेळ शिल्लक होता.

रात्री 10.57 च्या सुमारास : 13 मिनिटं बाकी

तिकडे 81 व्या मिनिटाला ईद अल-रशिदीनं कुवेतला अफगाणिस्तानविरुद्ध आघाडी मिळवून दिली. आता भारताला बरोबरीही पुरणार नव्हती. इकडे 85 व्या मिनिटाला अहमद अल-रावीनं कतारचा दुसरा गोल केला.

रात्री 11.10 च्या सुमारास : शून्य

कतार 2, भारत 1. कुवेत 7 गुणांसह पुढे. भारत 5 गुणांवर, गटात तिसरा. आणि नुकसान एका फेरीपुरतं नव्हतं. पहिल्या दोन संघांना 2027 च्या आशियाई चषकाचा थेट प्रवेश होता. भारताला तोच प्रवेश आता वेगळी पात्रता फेरी खेळून कमवावा लागणार होता.

शून्यानंतर

12 जून. महासंघानं त्या गोलाबद्दल चौकशीची मागणी केली. ती रास्त होती. तिनं निकाल बदलला नाही.

16 जून. महासंघाच्या पदाधिकाऱ्यांची बैठक. 17 जून. स्टिमॅच यांचा करार संपवल्याची घोषणा. 21 जूनला स्टिमॅच यांनी पत्रकारांसमोर महासंघाच्या कारभारावर जाहीर टीका केली आणि थकबाकीसाठी फिफाकडे जाण्याचा इशारा दिला. अखेर चार लाख डॉलरवर, म्हणजे सव्वातीन कोटींहून अधिक रुपयांवर, तडजोड झाली. तो पैसा नव्या संघबांधणीचा असायला हवा होता.

20 जुलै. एफसी गोवाचे प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांची नेमणूक झाली, पण एक हंगामभर त्यांनी क्लब आणि देश दोन्ही सांभाळायचं होतं. स्थानिक लीगमधला, खेळाडूंना ओळखणारा माणूस, इथपर्यंत कतारचाच धडा गिरवला गेला. पूर्णवेळ काम हा त्यातला अर्धा भाग मात्र गळाला. राष्ट्रीय प्रशिक्षकाला सामन्यांमधल्या मोकळ्या महिन्यांत सगळ्या क्लबांचे खेळाडू पाहायचे असतात, वयोगट संघांच्या प्रशिक्षकांशी बसायचं असतं. त्याच महिन्यांत मार्केझ यांना दर आठवड्याला आपल्या क्लबचा सामना होता. त्यांच्या काळात भारतानं एकच सामना जिंकला, शिलाँगला मालदीवविरुद्ध. आणि त्यासाठी निवृत्त छेत्रीला परत बोलवावं लागलं. जून 2025 मध्ये आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत हाँगकाँगकडून अखेरच्या क्षणी पेनल्टीवर हार झाली, आणि 2 जुलैला मार्केझही गेले.

1 ऑगस्टला खालिद जमील आले. 2012 मध्ये गोव्याचे सावियो मदेरा गेल्यानंतरचे पहिले भारतीय मुख्य प्रशिक्षक, मुंबईच्या मैदानांवर खेळलेला माणूस. पण त्यांच्या हाती पात्रता फेरी अर्धी हरलेल्या अवस्थेतच पडली. 14 ऑक्टोबर 2025 ला मडगावच्या फातोर्डा मैदानावर छांगटेनं भारताला आघाडी मिळवून दिली, तरी सिंगापूरनं 2-1 नं सामना जिंकला. 2027 च्या आशियाई चषकाचं दार बंद झालं. कोलकात्यात निसटलेल्या दोन गुणांचा हिशेब सोळा महिन्यांनी गोव्यात पुरा झाला.

काय करायला हवं

हा दोष एका प्रशिक्षकाचा किंवा एका पंचाचा मानला, तर पुन्हा हेच होईल. 2011 च्या आशियाई चषकानंतर बॉब हॉटन गेले, तेव्हा गोव्याचे आर्मांडो कोलासो तात्पुरते आले, मग मदेरा, मग विम कोव्हरमन्स. 2019 च्या आशियाई चषकातून बाहेर पडलेल्या रात्रीच स्टीफन कॉन्स्टंटाइन यांनी राजीनामा दिला आणि पद चार महिने रिकामं राहिलं. महासंघाचे अध्यक्ष बदलले; गोंदियाचे प्रफुल्ल पटेल जाऊन कोलकात्याच्या क्लबांसाठी खेळलेले माजी गोलरक्षक कल्याण चौबे आले. पराभवानंतर प्रशिक्षक शोधायला निघायची रीत तीच राहिली.

उपाय अवघड नाहीत. प्रशिक्षकाचा करार स्पर्धेच्या चक्राशी जुळवावा, म्हणजे तो पात्रता फेरीच्या मधोमध संपणार नाही. करार मोडायचा झाला तर काय द्यायचं, ते सही करतानाच स्पष्ट लिहावं. मुख्य प्रशिक्षकाबरोबर एक भारतीय सहायक असा नेमावा, की उद्या गरज पडली तर संघ त्याच्या हाती देता येईल. पद पूर्णवेळच असावं. आणि कर्णधार व प्रशिक्षक एकाच महिन्यात बदलण्याची वेळ येऊ नये, इतकं भान तांत्रिक समितीनं ठेवावं.

खालिद जमील आज पदावर आहेत. त्यांच्यानंतर कोण, हा प्रश्न महासंघानं आत्ताच विचारायला हवा, त्यांचं आसन स्थिर असताना. आपणही, पराभवाच्या रात्री राजीनाम्याची मागणी करणाऱ्या फुटबॉलप्रेमींनी, हा प्रश्न विजयाच्या दिवशी विचारायला शिकलं पाहिजे.