तेलकट लेनसाठी बोलिंग चेंडूची निवड

हा लेख टेनपिन बोलिंग या खेळातील चेंडूविषयी आहे. क्रिकेटमधील गोलंदाजीशी त्याचा संबंध नाही.

तेलकट लेनसाठी बोलिंग चेंडूची निवड म्हणजे लेनवर तेलाचे प्रमाण अधिक असताना चेंडूचे आवरण, पृष्ठभागाचा पोत, गाभा आणि बोटांच्या छिद्रांची मांडणी ठरविणे होय. तेलामुळे चेंडू व लेन यांमधील घर्षण कमी होते. परिणामी फिरकी देऊन टाकलेला चेंडूही वळण्याऐवजी सरळ घसरत जातो. अशा वेळी अधिक जोर लावल्याने उपयोग होत नाही, कारण वेगवान चेंडूला लेनची पकड घेण्यास आणखी कमी अवधी मिळतो. म्हणून निवड करताना आवरण व त्याचा पोत यांचा विचार प्रथम आणि गाभ्याचा विचार त्यानंतर केला जातो.

लेन आणि तेल

फाउल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंत लेनची लांबी ६० फूट (सुमारे १८.३ मीटर) असते. तिची रुंदी सुमारे ४१.५ इंच असून ती ३९ फळ्यांमध्ये मोजली जाते. पूर्वी लेन लाकडी असत व लाकडाचे झिजेपासून रक्षण करण्यासाठी त्यांवर तेल लावले जाई. कृत्रिम पृष्ठभागाच्या लेन आल्यानंतरही तेल कायम राहिले आणि ते खेळाच्या काठिण्याचा भाग बनले.

तेल यंत्राने ठरावीक आखणीनुसार पसरले जाते. एका लेनवर साधारणपणे २० ते ३० मिलिलिटर तेल असते. ते फाउल लाइनजवळून सुरू होऊन बहुधा ३५ ते ४५ फुटांपर्यंत जाते व पुढील भाग कोरडा राहतो. करमणुकीच्या केंद्रांत लेनच्या मध्यभागी जास्त आणि कडांना कमी तेल असते, त्यामुळे नेम थोडा चुकला तरी चेंडू सावरतो. स्पर्धांसाठीच्या आखणीत मध्यभाग व कडा यांतील हा फरक कमी ठेवतात. तेलाचा पट्टा जितका लांब, तितके चेंडूला वळण्यासाठी उरणारे अंतर कमी असते.

चेंडूची गती

चेंडूच्या प्रवासाचे घसरणे, वळणे आणि गडगडणे असे तीन टप्पे मानले जातात. उजव्या हाताच्या खेळाडूसाठी पहिल्या व तिसऱ्या पिनमधील जागेस पॉकेट म्हणतात. चेंडू पॉकेटमध्ये सुमारे ६ अंशांच्या कोनात शिरल्यास स्ट्राइकची शक्यता सर्वाधिक असते. सरळ टाकलेल्या चेंडूस हा कोन मिळत नाही, तो वळणातूनच मिळतो. तेल जास्त असल्यास घसरण्याचा टप्पा लांबतो आणि चेंडू पहिल्या पिनच्या उजवीकडून निघून जातो किंवा तिला ओझरता लागतो. डावखुऱ्या खेळाडूच्या बाबतीत दिशा उलट असते. परत आलेल्या चेंडूवर तेलाची ठळक वलये दिसणे हीदेखील तेलकट लेनची खूण आहे.

आवरणाचे प्रकार

पॉलिएस्टर: यास बोलीभाषेत प्लॅस्टिकचा चेंडू म्हणतात. तो तेल शोषत नाही व फारसा वळत नाही. तेलकट लेनवर पहिल्या फेकीसाठी तो अयोग्य, परंतु उरलेल्या एकट्या पिनवर सरळ मारण्यासाठी उपयुक्त असतो.

युरेथेन: याचे वळण संथ व एकसारखे असते. कमी किंवा मध्यम तेलावर तो चालतो, जास्त तेलावर बहुधा कमी पडतो.

रिअ‍ॅक्टिव्ह रेझिन: यात युरेथेनमध्ये अशी द्रव्ये मिसळतात की पृष्ठभागावर सूक्ष्म छिद्रे तयार होतात. ही छिद्रे तेल शोषतात व चेंडूस पकड मिळते. यातील सॉलिड प्रकार लवकर पकड घेतो, म्हणून जास्त तेलासाठी तो प्रथम विचारात घेतला जातो. पर्ल प्रकार अधिक काळ घसरून कोरड्या भागात झटकन वळतो. हायब्रिड प्रकारात दोहोंचे मिश्रण असते.

पृष्ठभागाचा पोत

एकाच चेंडूचे वर्तन पॉलिश केल्याने किंवा घासल्याने बदलते. घासण्याच्या चकत्यांचे क्रमांक सामान्यतः ५०० ते ४००० असतात. क्रमांक जितका लहान, तितका पोत खडबडीत. जास्त तेलासाठी बहुधा ५०० ते २००० क्रमांकाचा निस्तेज पोत ठेवतात. चकाकणारा चेंडू महाग व शक्तिशाली गाभ्याचा असला तरी जास्त तेलावर घसरतच राहू शकतो. त्यामुळे नवा चेंडू घेण्यापूर्वी जुन्याचा पोत बदलून पाहणे हा कमी खर्चाचा उपाय ठरतो.

गाभा आणि छिद्रांची मांडणी

गाभ्याचे वस्तुमान केंद्राजवळ एकवटलेले असल्यास चेंडू लवकर गडगडू लागतो. हे परिभ्रमण त्रिज्येने मोजतात. यूएसबीसी या अमेरिकेतील नियामक संस्थेच्या नियमांनुसार ती २.४६ ते २.८० इंच असावी लागते. तेलकट लेनसाठी कमी त्रिज्येचे चेंडू पसंत केले जातात. निरनिराळ्या अक्षांवरील त्रिज्यांमधील फरक कमाल ०.०६० इंच असू शकतो. हा फरक मोठा असल्यास प्रत्येक फेऱ्यात चेंडूचा नवा, तेल न लागलेला भाग लेनला टेकतो व पकड टिकते. छिद्रे कोठे पाडली आहेत यावरही हा परिणाम अवलंबून असतो, म्हणून ती खेळाडूची फेक पाहून पाडली जातात. चेंडूचे कमाल वजन १६ पौंड आहे; मात्र तेलाचे प्रमाण पाहून न पेलणारे वजन घेऊ नये.

इतिहास आणि नियम

आरंभीचे चेंडू लिग्नम व्हिटे या कठीण लाकडाचे असत. विसाव्या शतकाच्या आरंभी कठीण रबराचे चेंडू आले व १९६०च्या दशकापासून पॉलिएस्टर रूढ होऊ लागले. अमेरिकन व्यावसायिक खेळाडू डॉन मॅक्यून याने पॉलिएस्टरचे चेंडू रासायनिक द्रावकात भिजवून त्यांचे आवरण मऊ केले. मऊ आवरणाची पकड वाढली आणि १९७३मध्ये त्याने व्यावसायिक दौऱ्यात सहा विजेतेपदे मिळविली. त्यानंतर आवरणाच्या कठीणतेवर किमान मर्यादा घालण्यात आली. कौशल्य आणि साधन यांतील सीमा कोठे आखावी, हा प्रश्न तेव्हापासून या खेळात कायम आहे. १९८०च्या दशकाच्या आरंभी युरेथेन व १९९०च्या दशकाच्या आरंभी रिअ‍ॅक्टिव्ह रेझिन आल्यावर तो अधिक तीव्र झाला. आज पृष्ठभागाच्या खडबडीतपणावरही मर्यादा असून अधिकृत स्पर्धेत खेळ सुरू असताना चेंडू घासण्यास मनाई आहे. म्हणून पोताचा निर्णय आधीच घ्यावा लागतो.

मर्यादा आणि देखभाल

तेलाची स्थिती खेळ संपेपर्यंत सारखी राहत नाही. रिअ‍ॅक्टिव्ह चेंडू तेल शोषून घेतात, तर काही तेल पुढे ओढले जाते. लेन कोरडी पडू लागल्यावर आरंभी योग्य असलेला चेंडू लवकर वळून ऊर्जा गमावतो आणि पिनांवर त्याचा आघात क्षीण होतो. अशा वेळी खेळाडू उभे राहण्याची जागा बदलतात किंवा कमी पकडीचा चेंडू घेतात.

शोषलेल्या तेलामुळे आवरणाची पकडही हळूहळू मंदावते. त्यामुळे प्रत्येक फेकीनंतर चेंडू कापडाने पुसणे, खेळ संपताच योग्य द्रावणाने स्वच्छ करणे आणि ठरावीक काळाने आत मुरलेले तेल काढून पोत पुन्हा घासून घेणे आवश्यक असते. तीव्र उष्णतेने आवरणास तडे जाऊ शकतात.