परांड्याचे हबशी

आमचे आजोबा परांड्याच्या किल्ल्याची गोष्ट सांगायला बसले की सुरुवात ठरलेली: "हबश्याचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट हाय." शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस, पण बाजारात विकलेलं पोर इथे राज्याचा कारभारी झालं, हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा.

पुढे कागद वाचले, ते आजोबांच्याच बाजूचे निघाले. 1600 साली अकबराच्या फौजेनं अहमदनगर घेतलं. तिथली निजामशाही संपल्यात जमा होती. तेव्हा मलिक अंबर या हबशी सरदारानं मुर्तजा नावाच्या राजपुत्राला परांड्यात गादीवर बसवलं, आपली मुलगीही त्याला दिली. अंबरचं मूळ नाव चापू, जन्म इथिओपियातला. हातोहात विकला जात तो बगदादमार्गे दख्खनला आला. इथे त्याला विकत घेणारा अहमदनगरचा पेशवा चंगीझखान हाही हबशीच. पुढे मराठे बारगीर हाताशी धरून अंबरनं मोगलांना वर्षानुवर्षं दमवलं. तो हाती लागेना, म्हणून जहांगीरानं स्वतःचं चित्र काढून घेतलं: भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या शिरावर बादशहा बाण मारतोय! एवढा राग ज्याच्यावर धरावा लागला, त्याची थोरवी आणखी काय सांगायची?

मला ओढ आहे ती बाकीच्या हबश्यांची. विजापूरची मुलूखमैदान तोफ 1632 पर्यंत परांड्याच्या बुरुजावर होती. ती ओतणाऱ्या महंमद बिन हसन रूमीचं नाव तिच्यावर कोरलेलं आहे. पण इथल्या फौजेत पहारे देणारे, घोड्यांना चारापाणी करणारे साधे हबशी शिपाई होते, त्यांची नावं कुठं कोरलेली नाहीत. बखरी-तवारिखा सरदाराच्या दारात थांबतात.

एकोणिसाव्या शतकातही तेच. आपला मुलूख तेव्हा हैदराबादच्या निजामाचा. 1853 ते 1860 एवढा काळ आपला हा नळदुर्ग जिल्हा इंग्रजांकडे. हैदराबादेत त्या शतकात हबशी स्वारांचं पथक होतं, त्यांच्या बराकींवरून ए. सी. (आफ्रिकन कॅव्हलरी) गार्ड्स ही वस्ती आजही ओळखली जाते. पथकाची नोंद आहे, वस्ती आहे. स्वाराची बायको कुठली, लेकरं कोणत्या बोलीत रडली, याची नोंद कुणी ठेवली?

म्हणून आता म्हाताऱ्या माणसांजवळ बसलो की राजाची गोष्ट मी लवकर आटोपती घेतो. कोणत्या गल्लीत हबश्यांची घरं होती, उरुसाला कोण यायचं, कुणाची पोर कुणाकडे दिली, हे विचारतो. परांडा आणि नळदुर्ग इथल्या जुन्या घरांतून हे अजून विचारता येतं. आठवणारी माणसं मात्र वर्षागणिक कमी होतायत.