विषाणूनेच चालू केलेलं औषध

नागीण झाली की डॉक्टर असायक्लोव्हिर लिहून देतात, तेही दिवसातून पाच वेळा. आजचा भाग याच गोळीच्या इतिहासावर.

नागीण काय, ओठावर उठणारे पाण्याचे फोड काय, दोन्ही हर्पिस कुटुंबातल्या विषाणूंचे उद्योग. १९५९ साली अमेरिकेत विल्यम प्रुसॉफ यांनी आयडॉक्सयुरिडिन बनवलं. डोळ्यातल्या हर्पिसवर ते चाललं, पण आपल्या निरोगी पेशींच्या डीएनएतही घुसायचं. त्यामुळे ते थेंब-मलमापुरतंच उरलं.

मग १९७०च्या दशकात बरोज वेलकम कंपनीत हॉवर्ड शेफर यांनी असायक्लोव्हिर तयार केलं. ते काम कसं करतं, हे गर्ट्रूड एलियन यांच्या टीमने शोधून १९७७ साली छापलं. एलियनबाईंकडे पीएचडी नव्हती, पण १९८८ चं नोबेल त्यांना मिळालं.

तर गंमत अशी, की हे औषध पेशीत शिरतं तेव्हा जवळपास निष्क्रियच असतं. त्याला पहिला फॉस्फेट जोडतं ते विषाणूचंच एन्झाइम, थायमिडिन कायनेज. पुढचे दोन आपली पेशी जोडते. मग विषाणू डीएनएची कॉपी काढताना हेच खोटं अक्षर उचलतो आणि साखळी तिथेच थांबते, कारण पुढचं अक्षर अडकवायला त्याला हूकच नसतो.

मग विषाणूच्या आरएनएचं काय होतं? १९७४ साली शिकागोत होनेस आणि रोइझमन यांनी दाखवलं होतं, की हर्पिसची प्रथिनं तीन टप्प्यांत बनतात. औषध दिलं तरी पहिल्या दोन टप्प्यांचे आरएनए बनत राहतात. शेवटच्या टप्प्याला मात्र नवा डीएनए लागतो, म्हणून तिथले आरएनए घटतात, काही तर बनतच नाहीत. म्हणजे औषध आरएनएवर थेट घाव घालत नाही, त्याच्या पुढची वाट बंद करतं.

याचे दोन अर्थ निघतात. एक, उशीर नको. नागिणीत पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू झालेल्या बऱ्या. हर्पिस मेंदूत पोचला आणि उपचार झाले नाहीत, तर सुमारे ७० टक्के रुग्ण दगावतात. दोन, मज्जापेशीत दडून बसलेला विषाणू कॉपीच काढत नसतो, कायनेजही बनवत नसतो. मग औषध चालू करणार कोण? म्हणून ओठावरचे फोड पुन्हा येतात. तेव्हा "तू गोळ्या नीट घेतल्या नसशील" असं कुणाला ऐकवू नका. या औषधाची पोचच तिथवर नाही.

भेटू पुढच्या भागात!