विकेंद्रित इष्टतमीकरण

विकेंद्रित इष्टतमीकरण ही उपयोजित गणित आणि नियंत्रण अभियांत्रिकी यांच्या सीमेवरील एक अभ्यासशाखा आहे. अनेक स्वायत्त घटकांनी बनलेल्या यंत्रणेचा एकूण खर्च किमान किंवा एकूण लाभ कमाल कसा करावा, हा तिचा विषय होय. यात सर्व माहिती एका ठिकाणी गोळा करावयाची नाही, अशी अट असते. प्रत्येक घटकाला केवळ स्वतःचा खर्च ठाऊक असतो व तो मोजक्या शेजाऱ्यांशीच संदेशांची देवाणघेवाण करतो. तरीही सर्व माहिती हाताशी असलेल्या केंद्राने जो निर्णय घेतला असता, तोच निर्णय या घटकांनी काही फेऱ्यांनंतर गाठावा, अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा कोणत्या परिस्थितीत पूर्ण होते, तिला किती वेळ लागतो आणि ती केव्हा फसते, हे या शाखेतील मुख्य प्रश्न आहेत. वीजजाळी, इंटरनेट, संवेदकांची जाळी आणि यंत्रमानवांचे ताफे ही तिच्या उपयोगाची प्रमुख क्षेत्रे आहेत.

संज्ञा

बोलण्यात ‘ऑप्टिमायझेशन’ हाच शब्द रूढ आहे. यंत्रणेतील स्वायत्त घटकाला ‘एजंट’ किंवा ‘अभिकर्ता’ म्हणतात. या लेखात ‘घटक’ हा सोपा शब्द वापरला आहे.

‘वितरित’ आणि ‘विकेंद्रित’ या दोन शब्दांच्या वापरात मात्र बराच गोंधळ आढळतो. या विषयावरील लेखनात सामान्यतः, काम अनेक यंत्रांवर वाटलेले पण मध्यभागी एक समन्वयक असलेला, अशा मांडणीला ‘वितरित’ आणि समन्वयकच नसलेल्या मांडणीला ‘विकेंद्रित’ म्हटले जाते. पॉल बॅरन यांनी १९६४ मध्ये संदेशवहनाच्या जाळ्यांविषयी लिहिताना हेच शब्द जवळजवळ उलट अर्थाने वापरले होते. त्यांच्या आकृतीत अनेक उपकेंद्रे असलेले जाळे विकेंद्रित आहे, तर केंद्रच नसलेले जाळे वितरित आहे. त्यामुळे कोणताही ग्रंथ वाचताना लेखकाने शब्द कोणत्या अर्थाने घेतला आहे, हे आधी पाहणे इष्ट ठरते.

सरासरीचे उदाहरण

या पद्धतींचा गाभा एका लहान उदाहरणाने स्पष्ट होतो. अ, ब, क, ड असे चार घटक वर्तुळाकार बसले असून त्यांच्याकडे अनुक्रमे १०, २०, ३० व ४० या संख्या आहेत, असे समजू. प्रत्येकाला फक्त उजव्या व डाव्या शेजाऱ्याची संख्या कळते. दर फेरीला प्रत्येकाने आपल्या संख्येचा निम्मा भाग आणि दोन्ही शेजाऱ्यांच्या संख्यांचा प्रत्येकी चतुर्थांश घेऊन बेरीज करावी, असा नियम आहे. पहिल्या फेरीनंतर संख्या २०, २०, ३०, ३० होतात. दुसरीनंतर २२.५, २२.५, २७.५, २७.५ आणि तिसरीनंतर २३.७५, २३.७५, २६.२५, २६.२५ होतात. पहिल्या फेरीनंतर प्रत्येक फेरीत अंतर निम्मे होत जाते व सर्व संख्या २५ कडे, म्हणजे मूळ चार संख्यांच्या सरासरीकडे, सरकतात. चारही संख्या एकाच वेळी कोणीही पाहिलेल्या नसतात.

या प्रक्रियेला सहमती प्रक्रिया म्हणतात. मॉरिस डीग्रूट यांनी १९७४ मध्ये तज्ज्ञांच्या मतांचे एकमत कसे होते, हे दाखवण्यासाठी अशीच मांडणी केली होती. सरासरी हेदेखील एक इष्टतम मूल्यच असते, कारण चारही संख्यांपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज सरासरीपाशी सर्वांत कमी असते.

नेमकी सरासरीच मिळण्यासाठी दोन गोष्टी लागतात. पहिली, जाळे जोडलेले असले पाहिजे, म्हणजे कोणत्याही घटकाची बातमी शेजाऱ्याकरवी का होईना, सर्वांपर्यंत पोहोचली पाहिजे. दुसरी, भारांकांचा तोल साधला पाहिजे. प्रत्येक घटक इतरांकडून घेताना जसा एकूण भारांक १ ठेवतो, तसाच त्याने इतरांना दिलेल्या भारांकांची बेरीजही १ असावी लागते. हा तोल बिघडल्यास एकमत होते, पण ज्याचे म्हणणे अधिक ऐकले जाते त्याच्या बाजूला झुकलेले. दुवे एकमार्गी असतील तर असा तोल राखणे अवघड जाते. त्यावर केम्पे, डोब्रा व गेर्के यांनी २००३ मध्ये सुचवलेली युक्ती साधी आहे. प्रत्येक घटक संख्येबरोबर स्वतःचे ‘वजन’ही पुढे पाठवतो आणि शेवटी संख्येला त्या वजनाने भागतो, म्हणजे झुकाव आपोआप निघून जातो.

वेग मात्र जाळ्याच्या आकारावर फार अवलंबून असतो. वरील वर्तुळात चारऐवजी १०० घटक बसवले, तर एका टोकाची बातमी दुसऱ्या टोकाला पोहोचण्यास इतका वेळ लागतो की अंतर निम्मे होण्यास एका फेरीऐवजी सुमारे ७०० फेऱ्या लागू शकतात. वर्तुळातील घटकांना आडवे जोडणारे मोजके दुवे टाकले की हीच संख्या झपाट्याने खाली येते. म्हणून संदेशांचे जाळे कसे विणावे, हा प्रश्न नियम कोणता निवडावा या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

उतार-पद्धती

प्रत्यक्ष समस्यांत घटकाकडे एक संख्या नसून खर्चाचे पूर्ण फलन असते. अशा वेळी प्रत्येक घटक दर फेरीला दोन गोष्टी करतो. तो शेजाऱ्यांच्या अंदाजांची सरासरी घेतो आणि मग स्वतःचा खर्च ज्या दिशेने उतरतो, त्या दिशेने एक लहान पाऊल टाकतो. या विचाराचा पाया जॉन त्सित्सिक्लिस यांनी मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील १९८४ च्या प्रबंधात व पुढे दिमित्री बर्टसेकस आणि मायकेल अथान्स यांच्यासह १९८६ मध्ये घातला. अँजेलिया नेदिच व आसू ओझदाग्लार यांच्या २००९ च्या शोधनिबंधानंतर या विषयावरील लेखनाला वेग आला.

या पद्धतीत एक अडचण दडलेली आहे. सर्वांच्या दृष्टीने सर्वोत्तम असलेल्या बिंदूवर उतारांची बेरीज शून्य असते, परंतु प्रत्येकाचा स्वतःचा उतार शून्य असेलच असे नाही. त्यामुळे त्या बिंदूवर पोहोचल्यावरही प्रत्येक घटक स्वतःच्या सोयीच्या दिशेने पुन्हा थोडा ओढला जातो. पाऊल ठरावीक ठेवले तर घटक योग्य बिंदूच्या आसपास घुटमळत राहतात. ते क्रमाक्रमाने लहान केले तर उत्तर अचूक मिळते, पण प्रगती मंदावते. शी, लिंग, वू व यिन यांनी २०१५ मध्ये मांडलेल्या ‘एक्स्ट्रा’ पद्धतीत मागील फेरीची आठवण ठेवून ही ओढ दुरुस्त केली जाते, त्यामुळे ठरावीक पावलानेही अचूक उत्तर गाठता येते. त्याच सुमारास पुढे आलेल्या उतार-मागोवा पद्धतीत प्रत्येक घटक आपल्या अंदाजाबरोबर सर्वांच्या सरासरी उताराचाही अंदाज बाळगतो.

किमतीद्वारे समन्वय

अनेक समस्यांत घटकांचे निर्णय वेगवेगळे असतात, पण साधन सामाईक असते. उदाहरणार्थ, एकच पाण्याचा साठा किंवा एकच तार. अशा साधनाला गणिती ‘किंमत’ लावली जाते. मागणी पुरवठ्याहून अधिक झाली की किंमत वाढवावयाची, कमी झाली की उतरवावयाची. प्रत्येक घटक ती किंमत पाहून आपापला हिशोब करतो, इतरांचा खर्च त्याला विचारावा लागत नाही. मोठ्या समस्येचे अशा रीतीने तुकडे करण्याची पद्धत जॉर्ज डांट्झिग व फिलिप वुल्फ यांनी १९६० मध्ये रेषीय समस्यांसाठी दिली.

ही किंमत फार हेलकावे खाऊ लागली तर उत्तर स्थिरावत नाही. त्यावर उपाय म्हणून एडीएमएम ही पद्धत वापरतात. तिचा उगम १९७५–७६ मध्ये ग्लोविन्स्की व मारोको आणि गाबे व मर्सिए यांच्या लेखनात आहे. स्टीफन बॉइड व सहकाऱ्यांच्या २०११ च्या विस्तृत लेखामुळे ती अभियंत्यांमध्ये सर्वदूर पोहोचली.

इंटरनेट

किमतीच्या पद्धतीचे सर्वांत मोठे प्रत्यक्ष उदाहरण, ते गणित म्हणून ओळखले जाण्यापूर्वीच चालू झाले होते. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बर्कली आवार यांच्यातील संदेशवहन कोलमडले. दोहोंमधील अंतर सुमारे ४०० यार्ड होते. तेथील वेग सेकंदाला ३२ किलोबिटवरून ४० बिटवर आला. पोच वेळेत न मिळाल्याने प्रत्येक यंत्र तोच संदेश पुन्हा पुन्हा पाठवीत होते आणि आधीच तुंबलेला मार्ग त्याने आणखी तुंबत होता. स्वतःपुरते शहाणपणाचे वागणे सर्वांना मिळून घातक कसे ठरते, याचा हा नमुनाच म्हणावा लागेल.

व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेला उपाय पूर्णपणे स्थानिक होता. पोच मिळत गेली की पाठवण्याचा वेग हळूहळू वाढवावा आणि पोच चुकली की तो झटकन खाली आणावा. संपूर्ण जाळ्याचा नकाशा कोणालाही लागत नाही. फ्रँक केली, अमन मौलू व डेव्हिड टॅन यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले की अशा प्रकारचे नियम म्हणजे सर्व वापरकर्त्यांचे एकूण समाधान वाढवणाऱ्या एका समस्येची विकेंद्रित उकलच होय. मार्गावरील कोंडी ही त्यात किमतीचे काम करते.

वीजजाळे

विजेच्या जाळ्यात संदेश पाठवण्याची तार नसतानाही एक संदेश सर्वत्र पोहोचतो, तो म्हणजे वारंवारता. भारतात ती ५० हर्ट्झ ठेवावयाची असते. मागणी वाढली की जनित्रे किंचित मंदावतात व वारंवारता उतरते; प्रत्येक जनित्राचा गव्हर्नर ते जागेवरच ओळखून निर्मिती वाढवतो. ५ टक्के ‘ड्रूप’ ठेवलेल्या जनित्राचे गणित असे असते की वारंवारता २.५ हर्ट्झने उतरली तर ते आपली पूर्ण क्षमता वापरेल. म्हणजेच ०.१ हर्ट्झच्या घसरणीला ते क्षमतेच्या ४ टक्के वाढ करते. सर्वांचा ड्रूप सारखा असेल, तर वाढीव बोजा एकमेकांशी न बोलता क्षमतेच्या प्रमाणात वाटला जातो. मात्र यातून वारंवारता पुन्हा ५० वर येत नाही, ती थोडी खालीच स्थिरावते. उरलेली दुरुस्ती आणि स्वस्त वीज आधी वापरण्याचा हिशोब भार प्रेषण केंद्रांना करावा लागतो. पश्चिम विभागाचे असे केंद्र मुंबईत आहे.

३० जुलै २०१२ रोजी उत्तर भारताचे आणि दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व व ईशान्य भारताचे वीजजाळे कोसळले. देशाची जवळपास निम्मी लोकसंख्या ज्या प्रदेशात राहते, तेथील पुरवठा त्या दिवशी खंडित झाला. पश्चिम व उत्तर विभागांना जोडणारी बीना–ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी अतिभारामुळे सुटणे, हे त्याचे निमित्त होते. चौकशी समितीच्या शिफारशींत गव्हर्नरविषयीचे नियम प्रत्यक्ष पाळले जावेत, असा आग्रह होता. स्थानिक नियम कागदावर असणे आणि प्रत्येक जनित्राने तो पाळणे, यांतील अंतर येथे महाग पडते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर या ७६५ किलोव्होल्ट वाहिनीने दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी जोडले गेले आणि तेव्हापासून संपूर्ण भारताची वारंवारता एक झाली.

छतांवरील सौर संच आणि बॅटऱ्या वाढल्यामुळे नियंत्रण करावयाच्या घटकांची संख्या केंद्राच्या आवाक्याबाहेर जाऊ लागली आहे. या कारणाने जनित्रांच्या सीमांत खर्चावर शेजाऱ्या-शेजाऱ्यांत सहमती घडवून आणणाऱ्या पद्धतींचा अभ्यास बराच होत आहे.

यंत्रमानवांचे ताफे

एखाद्या प्रदेशावर अनेक यंत्रमानवांनी मिळून नजर ठेवावयाची असेल, तर प्रत्येकाने स्वतःला सर्वांत जवळ असलेला भाग आपला मानावा व त्या भागाच्या मध्याकडे सरकावे, हा नियम कोर्टेस, मार्तिनेझ, करातास व बुलो यांनी २००४ मध्ये अभ्यासला. ताफा त्यामुळे नीट पसरतो. तथापि गाठलेली रचना सर्वोत्तमच असेल याची खात्री नसते, केवळ किरकोळ हालचालींनी ती सुधारता येत नाही एवढेच म्हणता येते.

मर्यादा

वरील बहुतेक हमी बहिर्वक्र, म्हणजे एकच दरी असलेल्या, खर्च-फलनांपुरत्या आहेत. दऱ्या अनेक असतील तर घटक एकमताने चुकीच्या दरीत उतरू शकतात. हान्स विट्सेनहाउसेन यांनी १९६८ मध्ये तर केवळ दोन निर्णयकर्त्यांची एक साधी दिसणारी समस्या मांडली. एकाच केंद्राकडे माहिती असती तर तिचे उत्तर साध्या रेषीय नियमाने मिळाले असते. माहिती दोघांत विभागताच मात्र रेषीय नियम सर्वोत्तम राहत नाही आणि नेमका सर्वोत्तम नियम कोणता, हे अद्याप सापडलेले नाही.

माहिती केंद्राकडे न गेल्याने ती गुप्त राहते, असे सरसकट मानले जाते. ते बरोबर नाही. घटकाने पाठवलेल्या उतारांवरून त्याच्या मूळ माहितीचा माग काढता येऊ शकतो. त्यामुळे गोपनीयतेसाठी स्वतंत्र उपाय योजावे लागतात.

सर्वांत गंभीर अडचण खोटे बोलणाऱ्या किंवा बिघडलेल्या घटकाची आहे. आधीच्या उदाहरणात ‘अ’ने आपली संख्या न बदलता दर फेरीला १० हेच सांगितले, तर ब, क व ड यांनी नियम प्रामाणिकपणे पाळूनही अखेर तिघांची संख्या १० होते. एका हट्टी संवेदकाने संपूर्ण जाळे असे ओढून नेता येते. लॅम्पोर्ट, शोस्टाक व पीझ यांनी १९८२ मध्ये सेनापतींच्या रूपकातून सिद्ध केले की केवळ तोंडी निरोपांवर भिस्त असेल, तर एका फितुराला निष्प्रभ करण्यासाठी एकूण किमान ४ आणि दोघांसाठी किमान ७ सेनापती लागतात. सहमती प्रक्रियेत यासाठी शेजाऱ्यांकडून आलेल्या सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान काही संख्या वगळून उरलेल्यांची सरासरी घेतात. त्यासाठी प्रत्येक घटकाला पुरेसे शेजारी असावे लागतात. चार घटकांच्या त्या वर्तुळात प्रत्येकाला दोनच शेजारी असल्याने हा उपाय तेथे लागू पडत नाही.