पदराची गाठ आणि हस्ताचं नक्षत्र

मंडळी, एखादं काम राहून जातं ते ठाऊक नसतं म्हणून नव्हे. ठाऊक असतं, करायची इच्छाही असते; नेमक्या वेळी तेवढं आठवत नाही. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की मग आठवतं! आपण कपाळावर हात मारून घेतो आणि म्हणतो, "वय झालं आता." पण आपले वाडवडील अशा कामांसाठी निव्वळ डोक्यावर विसंबून राहत होते का, याचा कधी विचार केलाय तुम्ही?

माढा तालुक्याचंच उदाहरण घेऊ. हा पूर्वापार रब्बी ज्वारीचा मुलूख. पावसाळ्यात काळ्या रानात ओल धरायची आणि उत्तरा-हस्ताच्या सुमारास पेरणी साधायची. उशीर झाला की ओल उडते आणि वर्षाची भाकरी जाते. एवढं मोठं काम, पण त्यासाठी शेतकऱ्यानं तारीख पाठ केली नव्हती. त्यानं ते नक्षत्राला बांधून ठेवलं होतं.

यात शहाणपण किती आहे पाहा. पावसाची नक्षत्रं सूर्यावरून धरतात. सूर्य एका नक्षत्रात साधारण तेरा-चौदा दिवस असतो. म्हणून मृग दरवर्षी ७-८ जूनला लागतो आणि हस्त २७ सप्टेंबरच्या आसपास. तिथी मात्र चंद्राची. चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान, म्हणून अधिक महिना घालावा लागतो. आणि आषाढी एकादशी कधी जूनअखेर येते, तर कधी जुलै सरत आल्यावर. पेरणी तिथीला बांधली असती तर ती हुकली असती. उलट पंढरीची वारी तिथीला बांधली, कारण गावोगावच्या माणसांना एकाच दिवशी पोचायचं असतं आणि वाढता चंद्र सगळ्यांच्याच डोक्यावर असतो. ज्या कामाला जी खूण शोभते ती त्याला दिली. बलुतेदारांपैकी जोशी पंचांग सांगायचा. बाकी सगळं आभाळच सांगत होतं.

राजदरबारात तर यासाठी माणूसच नेमलेला असे. १६७४ साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्यांच्या अष्टप्रधानांतले मंत्री म्हणजे दत्ताजी त्रिमल वाकनीस. महाराजांच्या रोजच्या कारभाराची नोंद ठेवणं, भेटीगाठी आणि आमंत्रणं सांभाळणं हे त्यांचं काम. आपण बाजाराला जाताना जी 'यादी' करतो, तो शब्दही फारसीतल्या 'याद' म्हणजे आठवण या शब्दावरून आलेला आहे.

ज्याला लिहिता येत नव्हतं त्याची यादी म्हणजे गाठ. बाजाराला निघालेली बाई पदराला गाठ मारायची, गडी उपरण्याला मारायचा. पण गाठीत एक उणीव होती. काहीतरी करायचंय एवढं ती सांगते. काय करायचंय ते सांगत नाही. नक्षत्र लागलं की शेतकरी तिफणीकडे वळे. गाठ दिसली की बाई दुकानासमोर विचारात पडे, "काय बरं न्यायचं होतं?"

पुढे आगगाडी आली. १८५९ साली लोहमार्ग माढा तालुक्यातल्या कुर्डुवाडीपर्यंत पोचला. तेव्हा त्या स्टेशनाला बार्शी रोड म्हणत. १८९७ साली तिथून बार्शीची छोटी गाडी सुरू झाली. १ जानेवारी १९०६ पासून सगळ्या देशासाठी एक प्रमाणवेळ ठरली. कोंबडा आरवल्यावर, दिवेलागणीला, गुरं परतताना, अशा खुणांनी चालणाऱ्या माणसाला आता काट्याकडे बघावं लागलं. गाडी काही कुणासाठी थांबत नाही.

या दोन प्रकारांतला भेद शास्त्रज्ञांनी पुढे फार उशिरा मांडला. १९९० साली आइनस्टाइन आणि मॅकडॅनियल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं, की अमुक गोष्ट घडली की तमुक करायचं, असं काम एक प्रकारचं. आणि अमुक वाजता करायचं, हे दुसऱ्या प्रकारचं. दुसऱ्यात कुणी बाहेरून हाक मारत नाही. वेळेकडे आपलं आपणच लक्ष ठेवावं लागतं. म्हणून ते बहुधा अधिक जड जातं.

आता आजचा माढा बघा. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि पुष्कळ रानांत ऊस आला. ऊस हस्ताची वाट पाहत नाही. कालव्याच्या पाण्याची पाळी, शेतीपंपाची कधी दिवसा तर कधी रात्री येणारी वीज, कर्जाचा हप्ता, बाळाच्या लसीची तारीख, रक्तदाबाची गोळी, यांतलं काहीच आभाळ सांगत नाही. मोबाईलचा गजर लावतो आपण, पण तोही पुष्कळदा पदराच्या गाठीसारखाच. हात चिखलात असताना वाजतो, आपण बंद करतो, आणि गोळी राहते ती राहतेच.

म्हणून घरातली म्हातारी औषध विसरली तर तिच्यावर करवादू नका. तिच्या आयुष्यभराच्या खुणा गेल्या आणि नव्या आपण दिल्या नाहीत. गोळीची पुडी चहाच्या डब्याशेजारी ठेवा आणि तिला सांगा, "सकाळचा चहा झाला की गोळी." आठ वाजता घे, असं सांगू नका. लसीचं कार्ड कपाटात न ठेवता कालनिर्णयाच्या शेजारी खिळ्याला अडकवा. आणि गुरुजी, पालकांना निरोप देताना नुसती तारीख कळवू नका. "बाजारच्या दिवशी येता येता शाळेत डोकावून जा," असं कळवा. बाजार ते विसरत नाहीत, त्याच्या जोडीनं तुमचा निरोपही ध्यानात राहील.