दिव्याखालचे नाव

हातात दिवा घेऊन उभी असलेली, जांभळ्या साडीतली स्त्री. हे चित्र दाखवून ‘चित्रकार कोण?’ असे विचारले, तर पुष्कळदा उत्तर येते : राजा रवि वर्मा. मीही ते दिले आहे. वीसेक वर्षांपूर्वी आमच्या वाचनालयातल्या भाषणात मी हे चित्र रवि वर्म्यांचे म्हणून दाखवले आणि टाळ्या घेतल्या. चूक कळली तेव्हा श्रोते केव्हाच घरी गेले होते. हा लेख म्हणजे त्या चुकीची उशिरा केलेली फेड.

चित्राचे नाव ‘ग्लो ऑफ होप’. ते सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी १९४५-४६च्या सुमारास काढले. रवि वर्मा त्याआधी चाळीस वर्षे, १९०६मध्ये निवर्तले होते. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील कलासंग्रहात आहे. रवि वर्म्यांची चित्रेही तिथेच आहेत. या शेजारामुळे घोटाळा वाढला असावा.

हळदणकरांचा जन्म १८८२चा, सावंतवाडीचा. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकून त्यांनी १९०८मध्ये स्वतःची चित्रसंस्था काढली. १९१८मध्ये स्थापन झालेल्या ‘आर्ट सोसायटी ऑफ इंडिया’च्या संस्थापकांतही ते होते.

सनावळीने नावाचा प्रश्न मिटला. पण चित्र कसे घडले हे त्यातून कळेना. ते कळले माध्यमातून. हे चित्र जलरंगातले आहे. रवि वर्म्यांची ख्याती मुख्यतः तैलरंगांतली. तैलरंगात आधी काळोख रंगवून त्यावर पांढरा, पिवळा रंग चढवता येतो. पारदर्शक जलरंगात प्रकाश चढवता येत नाही, तो राखावा लागतो. जिथे उजेड हवा तिथे कागद कोरा किंवा अगदी फिका ठेवायचा आणि भोवतीचा अंधार पातळ थरांनी गडद करत न्यायचा. एक थर वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही. हात चुकला तर डाग पुसून पहिल्यासारखा कागद मिळत नाही. म्हणजे ज्योत कुठे असणार, हे पहिला रंग लावण्याआधीच ठरलेले हवे.

मी चित्रकला शिकलेलो नाही. तरी पन्नाशीनंतर जलरंगांची पेटी आणून या चित्रातला फक्त ज्योतीवर आडवा धरलेला हात उतरवून पाहिला. बोटांच्या कडांतून पाझरणारा तांबूस उजेड मला एकदाही साधला नाही. दर खेपेस घाईने अंधार आधी भरला आणि उजेडाला जागाच उरली नाही. ग्रंथालयात बसून जे उमगले नव्हते, ते त्या वाया गेलेल्या कागदांनी शिकवले.

आणि प्रेरणा? ती एखाद्या पुराणकथेतून आलेली नव्हती. चित्रासाठी उभी राहिली ती हळदणकरांची मुलगी. तिने पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार, दिवाळीत साडी नेसून हाती दिवा घेतलेली ती वडिलांना दिसली आणि चित्र सुचले. मग तिला तासन्‌तास न हलता उभे राहावे लागले. घरातले रोजचे दृश्य, पण ते कागदावर आणायला आयुष्यभर कमावलेला हात लागला. वाऱ्यापासून ज्योत राखणारी ती, आणि रंगापासून कागदाचा पांढरेपणा राखणारे तिचे वडील. दोघांचे काम एकच होते.

म्हणून चुकीचे नाव ही केवळ तपशिलाची चूक मला वाटत नाही. नाव बदलले की ती मुलगी, ती दिवाळी आणि जलरंगाची ती अवघड शिस्त, सगळेच पुसले जाते. उरते ते एक देखणे कॅलेंडर.

गेल्या वर्षी त्याच वाचनालयात पुन्हा बोललो. जुन्या श्रोत्यांपैकी तिघे आले होते. त्यांची मी आधी क्षमा मागितली आणि मग चित्र दाखवले. या दिवाळीत तुमच्या घरच्या भिंतीवर ते असेल, तर त्याखालचे नाव एकदा वाचून पाहा. चुकले असेल, तर शेजारी पेन्सिलीने बरोबर नाव लिहा.